घासलेले स्क्रू

एकदा एका माळावरच्या लहानशा धावपट्टीशेजारी दोन म्हातारी विमाने विक्रीला उभी होती. दोन्ही एकाच कारखान्यात, एकाच वर्षी जन्मलेली, एका इंजिनाची आणि चार आसनांची. वय अडतीस. माणसाचे हे वय म्हणजे नुकते पोट सुटू लागलेल्या गृहस्थाचे. विमानांत मात्र ते आजोबांचे समजले जाते.

एक विमान पांढरेशुभ्र, एका हौशी गृहस्थाने जपून ठेवलेले. दुसरे पिवळे, उड्डाण शिकवणाऱ्या एका क्लबचे. शिकाऊ वैमानिकांनी त्याला वीस वर्षे याच धावपट्टीवर धपाधप उतरवले होते. आता क्लबला नवी विमाने मिळाली होती आणि याला निरोप द्यायचा होता.

विकत घेणारा होता डाळिंबांचा एक व्यापारी. त्याच्या मुलीला, मृण्मयीला, वैमानिकाचा परवाना मिळाला होता आणि बापाने शब्द दिला होता. डाळिंब हातात घेतले की या माणसाला आतला दाणा कळे. विमानातले त्याला ओ की ठो कळत नव्हते, आणि आत बसणार होती त्याची एकुलती मुलगी. म्हणून त्याने नानांना बोलावले. नानांनी चाळीस वर्षे विमाने तपासली होती. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या नखांतले काळे काही गेले नव्हते. सोबत त्यांचा शिष्य श्रीपाद होता. तो परीक्षेत पहिला आला होता, आणि हे तो कोणाला फार वेळ विसरू देत नसे.

श्रीपादने शंभर गुणांचा तक्ता करून आणला होता. सकाळपासून दुपारपर्यंत तो दोन्ही विमानांभोवती फिरला आणि मग त्याने निकाल वाचला. पांढरे, एक्याण्णव. पिवळे, चव्वेचाळीस. पिवळ्याच्या पत्र्याला तीन ठिगळे होती, आसने फाटली होती, रंग उडाला होता. शिवाय त्याचे लॉगबुक तक्रारींनी भरले होते: तेल गळते, वॉशर बदलला, उजवा ब्रेक ढिला, दुरुस्त केला, दार नीट लागत नाही. पांढऱ्याच्या लॉगबुकात मात्र दर वर्षाला एकच सुवाच्य ओळ होती, 'तपासणी केली, सर्व ठीक', आणि खाली सही.

नानांनी ऐकून घेतले आणि चष्मा काढून खिशात ठेवला. मग ते पिवळ्या विमानाच्या पंखाखाली वाकले, डोळे मिटले आणि पंखाच्या पोटावरून अंगठा फिरवत चालू लागले. मध्येच ते खुदकन हसले. श्रीपादला वाटले, ऊन लागले. मग नाना पांढऱ्या विमानाच्या पंखाखाली गेले. तिथे ते हसले नाहीत. एकदा फिरून झाल्यावर पुन्हा एकदा फिरले.

"शेठ," ते बाहेर येऊन म्हणाले, "पिवळ्याचं बोलणं करा. पांढऱ्याला राहू द्या."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "नाना, पोरगी बसणार आहे त्यात. चव्वेचाळीस मार्कांच्या विमानात कसं बसवू तिला?"

"बाबा, दहावीला गणितात मला एवढेच होते," मृण्मयी म्हणाली. "तुम्ही गल्लीत पेढे वाटले होते."

श्रीपादला मात्र हसू आले नाही. "नाना, तुम्ही इंजिन पाहिलं नाही, लॉगबुक उघडलं नाही, वर डोळेही मिटून घेतले. मग ठरवलं कशावरून?"

"इकडे ये," नाना म्हणाले. "पांढऱ्याच्या पंखाखाली हात घाल. तळहाताएवढी झाकणं लागतील. त्यांच्या स्क्रूवर अंगठा ठेव. खाच लागते का?"

"नाही. गुळगुळीत आहे. रंग फार छान बसलाय."

"रंग कधी दिला, ते लॉगबुकात बघ."

श्रीपादने पाने उलटली. "चार वर्षांपूर्वी."

"त्यानंतर तपासण्या किती झाल्या?"

"चार," श्रीपाद म्हणाला, आणि तिथेच थांबला. स्क्रूच्या खाचा रंगाने बुजल्या होत्या. त्यांत पेचकस शिरायला जागाच नव्हती. याचा अर्थ चार वर्षे सह्या होत होत्या आणि झाकण एकदाही निघाले नव्हते.

मालकाची परवानगी घेऊन नानांनी एका झाकणाचा रंग खरवडला आणि ते उघडले. आत कुंभारीण माशीने मातीचे टुमदार घर बांधले होते. त्याच्या मागून एक पोलादी तार जात होती. वैमानिक हातातले चाक फिरवतो तेव्हा विमान वळते ते या तारेच्या ओढीने. नानांनी जुन्या धोतराचा तुकडा तारेभोवती धरून हलकेच ओढला. दोन विती गेल्यावर कापड अडकले आणि टरकन फाटले. तारेचे बारीक धागे तुटून काट्यांसारखे वर आले होते.

पांढऱ्या विमानाचा मालक भला माणूस होता. तो पंखाखाली बसूनच राहिला. "गेल्या महिन्यात मी नातवाला यातून फिरवलं," तो म्हणाला. "सगळं ठीक असं लिहिलं होतं हो." नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विमान आता हलवू नका एवढेच सांगितले.

मग सगळे पिवळ्याकडे आले. इथल्या झाकणांचे स्क्रू इतके घासले होते की त्यांची डोकी चांदीसारखी चमकत होती. क्लबचे मिस्त्री कासमभाई ओशाळून पुढे झाले. लॉगबुकातली प्रत्येक सही त्यांचीच होती.

"ते स्क्रू बदलायचे राहिलेत, साहेब," ते म्हणाले. "दर खेपेला उघडायचं म्हटलं की घासतातच. लई वंगाळ दिसतात."

नानांनी कासमभाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग ते श्रीपादकडे वळले.

"तू विमान तपासलंस आणि मन लावून तपासलंस. पण विमानाचं पोट आपल्याला एका दिवसात दिसत नाही. म्हणून मी आधी त्याला तपासणाऱ्याला शोधतो. अडतीस वर्षांत काहीच बिघडलं नाही असं यंत्र मी पाहिलेलं नाही. तू ज्या तक्रारींचे गुण कापलेस, त्या प्रत्येक तक्रारीच्या वेळी कुणीतरी गुडघे टेकून आत डोकावलं होतं. मला हसू आलं ते त्याची भेट झाली म्हणून. आता एवढ्यावर विमान घ्यायचं नाही बरं का. इथला कागद खरा आहे, एवढंच स्क्रूंनी सांगितलं. तो कागद हातात घे आणि सगळं उघडून बघ."

दोन दिवस गुरुशिष्यांनी पिवळे विमान उघडून ठेवले. श्रीपादचा शर्ट ओळखू येईना. सबंध विमानात एक झिजलेली कप्पी तेवढी सापडली, आणि ती पुढच्या वेळी बदलायची आहे अशी कासमभाईंची नोंद आधीच होती. ती बदलली. इंजिन तासभर चालवून पाहिले. तेव्हा कुठे श्रीपाद म्हणाला, "नाना, घ्यायला हरकत नाही." हे सांगताना त्याला इतका आनंद झाला होता की आपण पहिले आलो होतो हे सांगायचे तो चक्क विसरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मृण्मयी विमानात बसली. पंखा फिरू लागला. व्यापाऱ्याने सगळे ऐकले होते, सगळे पाहिले होते. पण बापाचे काळीज तक्त्यावर चालत नाही. त्याने नानांची बाही धरली. "नाना, खरं सांगा. काही होणार नाही ना?"

नानांनी नुसते विमानाकडे बोट केले. मृण्मयीच्या शेजारच्या आसनावर कासमभाई कधीचे जाऊन बसले होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीखाली सरकवली होती आणि ते शांतपणे पट्टा आवळत होते.

व्यापाऱ्याने बाही सोडली. विमान धावले, उचलले गेले, आणि खाली उभा असलेला तो पोक्त माणूस दोन्ही हात हलवत धावपट्टीच्या कडेने चक्क पळत सुटला.

आपल्यापैकी विमान घ्यायला फारसे कोणी जाणार नाही. पण 'सर्व ठीक' लिहून ज्याने सही केली, तो शेजारी बसायला तयार आहे का, एवढे आपल्याला कुठेही विचारता येते.