सहा सुपाऱ्या आणि राजेशाही गाडी

सांगलीच्या सुमेधा बेहेऱ्यांच्या गाडीत पाचच माणसं मावत. त्यामुळे दरवर्षी कोकणात कुलदेवीला जाताना म्हातारे सासू-सासरे मागून एसटीने येत. यंदा सातही जणांनी एकत्र जायचं, असं ठरवून सुमेधाताई एकट्याच एका बड्या शोरूममध्ये शिरल्या.

मॅनेजरने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "बाईसाहेब, ही राजेशाही गाडी. सात माणसं बसतात आणि सातांचं सामानही. साहेबांना पाठवा, त्यांना कळेल."

"पाठवते. तोवर घरच्यांना बसवून बघते," म्हणत ताईंनी पिशवीतून सहा सुपाऱ्या काढल्या. पूजेत हजर नसलेल्या माणसाच्या जागी सुपारी मांडतात, तशा त्या त्यांनी सीटांवर मांडल्या. पुढे नवरा आणि शेजारी स्वतःची जागा, मध्ये दोन मुलं आणि दीर, मागे सासू-सासरे.

"बसले की नाही सगळे ऐसपैस?" मॅनेजर म्हणाला.

"बसले. आता सामान?"

डिकी उघडली, तर आत जेमतेम एक पिशवी मावेल एवढी जागा. मॅनेजर मुळीच डगमगला नाही. त्याने ऐटीत बटण दाबलं आणि मागची सीट सावकाश आडवी झाली.

"बघा! आता पलंगसुद्धा मावेल."

सीट दुमडताना दोन सुपाऱ्या घरंगळत फरशीवर आल्या. ताईंनी त्या उचलून, पदराने पुसून मॅनेजरच्या हातात ठेवल्या.

"सामान छान मावलं हो. आता माझ्या सासू-सासऱ्यांना तेवढं तुम्ही सांभाळा, आम्ही देवीला जाऊन येतो."