चषकावरचे शब्द

पहाटेच्या धुक्यात गोल्फचं मैदान तळ्यासारखं तरंगत होतं. केतकीला वाटलं, आत्ता मारलेला चेंडू खाली यायचाच नाही, ढगातच निजेल. पण ती नव्या लीगमध्ये गेली, म्हणून जुन्या लीगच्या अध्यक्षांनी, सरनोबतांनी, तिला राष्ट्रीय स्पर्धेचं दार बंद केलं होतं.

"आमचं घर सोडलंस ना? मग आमच्या पंगतीला कशी बसतेस?" मैदानाच्या कडेला, क्लबच्या ओसरीत उभे सरनोबत तिला म्हणाले.

त्यांच्या शेजारी बसून कारागीर स्पर्धेच्या चांदीच्या चषकावरचे 'देशातील सर्वोत्तम' हे शब्द उजळत होता.

केतकी हळूच म्हणाली, "बरं, साहेब. मग तेवढं 'देशातील' खोडून 'आमच्या घरातील' कोरायला सांगा."

कारागिराचा हात थांबला. "खोडू का, साहेब?"

सरनोबतांनी चषक हातात घेऊन ते शब्द पुन्हा वाचले.

"नको. चांदी खराब होईल," ते पुटपुटले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "उद्या उजाडताच खेळ सुरू होतो. उशीर करू नकोस."