राजेसाहेबांचे पाट पोहायला गेले

उंबरझरीच्या राजेसाहेबांचा नवाकोरा पंप पाण्याऐवजी हवाच पीत होता! विहिरीच्या काठावर इंजिन धडधडत होतं. तिथून बारा हात पाइप उभा खाली गेला होता आणि त्याचं तोंड जेमतेम वीतभर पाण्यात बुडलं होतं. पंप सुरू झाला, की तोंडाशी भोवरा फिरे, भोवऱ्यातून हवा आत शिरे आणि वर नुसता खोकला येई. गावचा हौद कोरडा ठणठणीत!

"सरकार, पाइप चार हात वाढवायला हवा," दौलत मिस्त्री म्हणाला. "तोंड खोल बुडालं, की हवा शिरायची नाही."

राजेसाहेब भडकले. ही विहीर त्यांनी श्रावणात स्वतः दोर सोडून मोजली होती. आता फाल्गुन लागला होता, पण हे त्यांना सांगणार कोण!

"म्हणजे आमचं माप चुकलं? पाइप बोटभरही वाढणार नाही! विहिरीत बाहेरचं थेंबभर पाणी ओतायचं नाही! उद्या दुपारपर्यंत हौद भरला नाही, तर तुझं बिऱ्हाड संस्थानाच्या हद्दीबाहेर!"

दौलत डोक्याला हात लावूनच घरी आला. त्याची बायको येसू राजवाड्यात पाणी भरायची. घागरी दोनच उचलायची, पण बोलणं चार घागरींचं!

"अहो, डोक्याला हात लावून हौद भरतो का कधी? डोक्यावरची घागर हिंदकळायला लागली, की मी काय करते?"

"आत निंबाची डहाळी टाकतेस."

"मग भोवऱ्याला काय वेगळा न्याय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खा गाव विहिरीवर लोटला. राजेसाहेब आले. इंजिन सुरू झालं. पंप एकदा खोकला आणि धो धो पाणी ओतू लागला! बघता बघता हौद काठोकाठ भरला.

राजेसाहेबांनी विहिरीत डोकावून पाहिलं आणि त्यांचे डोळेच विस्फारले. पाइपाभोवती चार पाट एकमेकांना बांधून पाण्यावर तरंगत ठेवले होते.

"अरे, हे तर आमचे जेवायचे पाट!"

"होय सरकार," येसू पदर सावरत म्हणाली. "वर लाकूड पसरलं, की भोवऱ्याला फिरायला जागाच उरत नाही. पाइप वाढवू नका म्हणालात, नाही वाढवला. पाणी ओतू नका म्हणालात, नाही ओतलं. पाट पोहायला सोडू नका, असं कुठं म्हणालात?"

"आणि आम्ही जेवायला बसायचं कशावर?"

"त्यावर उपाय आहे, सरकार. पण मला बक्षीस दिलंत, तरच तो मिळेल."

"माग काय हवं ते! राजाचा शब्द आहे!"

"मग चार हात पाइप द्या, पाट आजच परत! तुमचं माप बरोबरच होतं, सरकार. ही विहीरच मेली आगाऊ, हुकूम न घेता खाली गेली!"

राजेसाहेबांनी गर्दीकडे पाहिलं. शब्द तर साऱ्या गावादेखत दिलेला! आधी त्यांची मिशी थरथरली, मग पोट हललं आणि मग ते विहिरीच्या काठावर बसून खो खो हसत सुटले.

"येसूबाईला चांदीची घागर द्या! आणि दौलत, चार नको, सहा हात वाढव. वैशाखात ही विहीर आणखी आगाऊपणा करील!"