वळणावर पडलेला काटा

“...आणि हे चौदा काटे एका ओळीत बसतील का वस्ताद, की दोन ओळी कराव्या लागतील?”

लेकाचा, धैर्यशीलचा हा प्रश्न कानावर आला आणि शालनताईंना आपले जुने नवस आठवले.

लेक चार वर्षांचा असताना त्याला गोवर निघाला होता आणि ताप काही केल्या उतरेना. तेव्हा त्या एका बैठकीत सात देवांना सात नवस बोलल्या होत्या. एकाला बोलावं नि दुसऱ्याला विसरावं, तर तो रागावायचा! ताप उतरला. पण नवस फेडता फेडता दोन वर्षं गेली, आणि सहा फिटल्यावर सातवा देव कोणता, हेच त्यांना आठवेना. तेव्हापासून कुठल्याही अनोळखी देवळापुढून जाताना त्या हात जोडतात. असेल हाच, म्हणतात.

आज त्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, दस्तगीर वस्तादांच्या गॅरेजात बसल्या होत्या. वस्तादांनी स्वतः फडक्यानं पुसून दिलेल्या स्टुलावर. मांडीवर कापूस होता नि बोटं फुलवाती वळत होती. लेकाला गाडीच्या कामाला एकटं सोडायचं नाही, असं त्यांनी उन्हाळ्यातल्या अपघातापासून ठरवलं होतं.

समोर गाडी उभी होती. तिच्यात नवं इंजिन बसवलं होतं. चावी भिंतीवरच्या खिळ्याला होती.

रविवारी घाटात रॅली होती. वस्ताद चावी देतील तर धैर्यशील जाणार. वस्तादांनी हात लावल्याशिवाय गाडी घाटात न्यायची नाही, एवढा एक शब्द त्यानं आईला दिला होता.

या गाडीला टर्बो होता. म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात हवा कोंबतो. शालनताईंनी आपल्यापुरतं समजून घेतलं होतं, की पाहुण्याला नको नको म्हणत असता वाढतात ना, तसलं काहीतरी. लेकानं गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून हा आग्रह आणखी वाढवला होता.

आणि आता त्यानं ॲल्युमिनियमच्या लांब पट्टीवर काट्यांचे चौदा गोल मीटर बसवून आणले होते.

“गेल्या वेळी इंजिननं मला काही सांगितलंच नाही, वस्ताद. या वेळी बारीकसारीक सगळं डोळ्यांपुढे पाहिजे.”

वस्ताद म्हणजे सत्तरीचा माणूस. त्यांनी चष्मा नाकावर चढवला, पट्टी बाकावर आडवी ठेवली आणि खणातून कागदी चिकटपट्टीचं रीळ काढलं.

“ह्यो कशाचा?”

“बूस्टचा. टर्बो किती दाबानं हवा भरतोय ते कळतं.”

“लई वर गेला तर काय करशील?”

धैर्यशील हसला. “वर जावा म्हणून तर एवढं केलं!”

वस्तादांनी चिकटपट्टीचा तुकडा फाडला आणि त्या काट्यावर चिकटवला.

“ह्यो?”

“आत येणाऱ्या हवेचं तापमान.”

“वाढलं तर?”

“लक्षात ठेवीन.”

त्याच्यावरही तुकडा.

“बॅटरीचा?”

“तो काय... रॅली झाल्यावर बघता येतं.”

तोही झाकला. चौथा, पाचवा, सहावा... दरवेळी वस्ताद तेच विचारत, आणि धैर्यशील ‘बघेन’, ‘ध्यानात ठेवीन’, ‘नंतर तपासीन’ म्हणे.

“पाण्याचा?”

“हा ठेवा, वस्ताद. इंजिन तापलं की पाणी तापतं. काटा वर गेला की मी थांबणार.”

“पाण्याचा पाइप निसटला, सगळं पाणी रस्त्यावर सांडलं, तर काटा कुठं जातो?”

“वर.”

“मोजायला पाणीच न्हाई राहिलं. काट्याचा सेन्सर कोरड्यात लोंबकळतोय. कवाकवा खाली येतो, लेका. इंजिन जळत असतंय नि काटा खाली येतोय... तवा काय करशील?”

धैर्यशीलनं पट्टीकडे पाहिलं. मग खरं ते बोलला.

“तेव्हा... बरं वाटेल मला.”

वस्तादांनी तुकडा फाडला.

“अहो, असं झाकत गेलात तर मी आंधळा होईन!”

“आत्ता डोळस हाईस व्हय?”

शालनताईंना हसू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

शेवटी तीनच काटे उघडे राहिले.

“पेट्रोलच्या मानानं हवा जास्त झाली तर पिस्टनला भोक पडतं,” धैर्यशील म्हणाला. “ते दिसलं की मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलणार.”

वस्तादांनी मान हलवली. तो काटा तसाच ठेवला.

“इंजिनातला ठोका, पेट्रोल अवेळी पेटलं की बसतो तो. एक जरी आला तरी पाय उचलणार.”

तोही ठेवला.

“आणि ह्यो?”

“तेलाच्या दाबाचा. काटा पडला की पाय उचलणार.”

हे मात्र तो फार घाईनं म्हणाला.

वस्तादांनी चष्मा काढला. तो सदऱ्याला पुसत ते म्हणाले, “काटा पडला... आणि परत वर आला तर?”

धैर्यशीलनं हात मागे बांधले.

“लांब वळणावर तेल एका अंगाला पळतं. पंपाच्या तोंडाशी काय राहत न्हाई. काटा पडतो. सरळ रस्ता लागला की तेल माघारी येतं. काटाबी येतो.”

“माहीत आहे मला.”

“कवापासनं?”

शालनताईंच्या बोटांतली वात अर्धीच वळून राहिली. लेक हात मागे बांधून उभा होता. शाळेत पट्टी खाताना उभा राहायचा, तसा.

“पहिल्या वळणावर पडला होता,” तो म्हणाला. “परत आला. दुसऱ्यावर पडला. परत आला. मला वाटलं... येतोय की.”

“तिसऱ्यावर?”

“तिसऱ्यावर मी बघितलाच नाही. पारस म्हणाला होता, आपण चार सेकंद पुढं आहोत.”

पारस मगदूम रॅलीत धैर्यशीलच्या शेजारी बसायचा. पुढचं वळण डावं की उजवं, किती तीव्र, हे वहीतून वाचून सांगायचं त्याचं काम. उन्हाळ्यात तिसऱ्या वळणावर गाडी कड्यावर आदळली. धैर्यशीलला खरचटलंही नाही. पारसचं उजवं मनगट मोडलं.

आणि सगळे म्हणाले, पारसनं वळण चुकीचं वाचलं.

“तेलाविना इंजिन जाम झालं, वस्ताद. चाकं धरली गेली. स्टिअरिंग फिरवून उपयोग नव्हता... त्यानं बरोबर वाचलं होतं.”

शालनताई उठल्या. कापूस फरशीवर पडला, त्यांनी तो उचलला नाही.

“धैर्या... तो आपल्या दारात आला होता रे.”

“आई...”

“हात गळ्यात बांधून आला होता. काकू, माझ्यामुळं तुमचा मुलगा जाता जाता वाचला, म्हणून रडला. मी त्याला चहा दिला. म्हटलं, चुका माणसांकडूनच होतात, बाळा. मी, मी त्याला माफ केलं! आणि तू आतल्या खोलीत होतास.”

“हो.”

“ऐकत होतास?”

धैर्यशीलनं मान खाली घातली. “आधी कुणीतरी म्हणालं, वळण चुकलं. मी नाही म्हणालो नाही, एवढंच. मग तोही तेच म्हणायला लागला... आता त्याला कुणी गाडीत बसवत नाही.”

आई त्याच्याकडे नुसती बघत राहिली. ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

तो वस्तादांकडे वळला. “रविवारी मी पाय उचलीन, वस्ताद. शपथ घेतो. काटा नुसता थरथरला तरी उचलीन. तुम्ही म्हणाल तो एकच काटा ठेवतो. पण जाऊ द्या मला.”

वस्ताद उठले. मोरीवर जाऊन त्यांनी हाताला रॉकेल चोळलं, मग साबण लावला. नखं एकेक करून घासली. खुंटीवरचा धुतलेला सदरा घातला, टोपी डोक्यावर नीट बसवली. नमाजाला निघताना करायचे, तसं सगळं सावकाश.

मग खिळ्यावरची चावी काढली आणि धैर्यशीलच्या हातात ठेवली.

त्याचा चेहरा उजळला.

“पारस राहतो कुठं?” वस्तादांनी विचारलं.

“रुकडीला.”

“गाडी काढ. तिकडं जायचंय.”

उजळलेला चेहरा तसाच गोठला. “आत्ता?”

“अजून ऊन हाय. घरी असंल.”

“मी... मी जाईन, वस्ताद. माझा मी जाईन. रॅली झाली की जातो. तुम्ही कशाला येताय? तुमचा काय संबंध यात?”

वस्ताद दाराशी थांबले. बाहेर लेथ चालल्याचा आवाज येत होता. त्यांनी आधी शालनताईंकडे पाहिलं.

“वहिनी, तुम्हीबी ऐका. तेलाच्या भांड्यात एक आडवा पत्रा असतोय. वळणावर तेल पळू नये म्हणून. ह्याच्या गाडीतला तडकला होता. मार्चमध्ये मी तो ह्या डोळ्यांनी बघितला.”

“मग?” धैर्यशीलनं विचारलं.

“म्हटलं, एवढ्या रॅलीपुरता निभंल. पुढच्या खेपेला इंजिन उघडू तवा बदलू. धडकेनंतर इंजिन माझ्याकडंच आलं. उघडलं आणि मला कळलं, आधी इंजिन जाम बसलंय, धडक मागनं. पारसचा काय दोष न्हाई. ह्या दारात चार माणसं उभं राहून पारसला नावं ठेवत होती. मी पाना पुसत होतो.”

“तुम्ही बोलला का नाहीत, वस्ताद?”

“चाळीस वर्षांत माझ्या हातचं इंजिन घाटात बसलं नव्हतं.”

गुरूचा आवाज असा कधी ऐकला नव्हता धैर्यशीलनं. तासाभरापूर्वी तो यांना काट्यांच्या ओळी समजावत होता. आता त्याला कुठे बघावं ते कळेना. बाकावर ती पट्टी पडली होती, अकरा काटे झाकलेले नि तीन उघडे.

शालनताईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. लेकाजवळ जाऊन त्यांनी त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, तापात पुसायच्या तसा. राग होता त्यांच्या मनात, खूप होता. पण त्याखाली काहीतरी हलकंही झालं होतं. लेकानं निदान खरं सांगितलं होतं.

“चल,” त्या म्हणाल्या.

गाडी सुरू झाली. शालनताई मागे बसल्या. वस्तादही पलीकडून येऊन मागेच बसले, गुडघे पोटाशी घेऊन. धैर्यशीलच्या शेजारची सीट रिकामी राहिली.

गाडी उद्यमनगरातून बाहेर पडली. हायवेला लागल्यावर धैर्यशीलनं आरशात पाहिलं.

“वस्ताद... कोणता काटा ठेवायचा, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.”

वस्ताद खिडकीबाहेर बघत होते.

“काट्याचं मागनं बघू. आधी मी बोलतो पारसशी,” ते म्हणाले. “माझं बोलून झालं की तसंच तूबी सगळं खरं बोल, बाळ.”