अंधकनाथाचा तराजू

एका राज्यात सकाळ उजाडायची तीच भांडणाने. तलवारबाज म्हणत, रणात मरायचं आम्ही आणि मान मात्र मांत्रिकांचा. मांत्रिक म्हणत, आमच्या मंत्राविना तुमची तलवार म्हणजे गवत कापायचा विळा. वैदिणी म्हणत, तुम्हा दोघांना शिवून उभं करतं कोण? भांड्याला भांडं लागायचंच. पण भानुसेन राजाला झोप फार प्यारी. हाताची बोटं सारखी नसतात, असं प्रधानाने त्याला विनवून पाहिलं. आता राजाच तो, ऐकतो कशाला? त्याने अंधकनाथ नावाच्या जादूगाराला बोलावलं आणि सगळ्यांना सारखं करून टाक, असा हुकूम सोडला.

अंधकनाथाने तळ्यापलीकडच्या गुहेत सोन्याचा तराजू टांगला. राज्यातल्या साऱ्या कला त्यात घातल्या आणि माणसागणिक सारख्या वाटून दिल्या. त्या दिवसापासून प्रत्येकाच्या अंगी थोडं बळ, थोडा मंत्र, थोडं वैद्यक. एक ना धड भाराभर चिंध्या! भांडण मिटलं खरं. पण कुणाचं कुणावाचून अडेना, म्हणून कुणी कुणाला हाकही मारीना. माणसं धुक्यातून चालावं तशी आपल्या दारातून निघत, आपल्या दारात शिरत. पाणवठ्यावर नुसता घागरी बुडण्याचा आवाज यायचा. राजा तेवढा दुपारपर्यंत घोरत असे.

त्याच राज्यात गोजरा नावाची वैदीण होती. पूर्वी तिचा हात लागला की मोडलेलं हाड सांधत असे. तिचा नवरा रंभाजी मध काढायला रानात गेला आणि रानडुकराने त्याची मांडी फाडली. गोजराने हात ठेवला, कातडी जुळली. पण आतली जखम तशीच राहिली आणि सकाळी पुन्हा उकलली. राज्यात आता सगळेच वैद्य होते, पण कातडीखाली कुणाचाच हात पोचत नव्हता. रंभाजी हळूहळू झोपेत बुडू लागला. त्याचे गार पडत चाललेले तळवे चोळता चोळता गोजराला रडू फुटलं.

तेव्हा खिडकीवर एक साळुंकी येऊन बसली आणि माणसासारखं बोलू लागली. मी अंधकनाथाचं पाखरू, म्हणाली. तराजू उतरला तरच तुझा हात तुला परत मिळेल. पण वाटेत तीन संकटं आहेत आणि असल्या चिमूटभर कलेने त्यातलं एकही सरायचं नाही.

“मग मी काय करू?” गोजराने विचारलं.

“तराजूच्या वाटेवर एकाच्या अंगची कला दुसऱ्याला देता येते,” साळुंकी म्हणाली. “मात्र मागितल्यावाचून ती मिळत नाही. आणि अशी गोळा केलेली कला एकदाच चालते.”

गोजरा उठली. तलवारबाज हंबीर आणि मांत्रिकीण चित्रांगी या दोघांच्या दारी गेली, पदर पसरून सोबत मागितली. दोघं एकमेकांचे हाडवैरी. पण त्यांच्याकडे कुणी काही मागितल्याला किती काळ लोटला होता! दोघंही मुकाट्याने निघाले.

पहिलं संकट तळ्याचं. त्या पाण्याला पाय लागला की माणूस निजायचा तो कायमचा. चित्रांगीने दोघांकडे मंत्र मागितला, त्यांनी तिच्या तळहातावर तळहात ठेवून तो दिला. तिने एक शब्द उच्चारला. पाणी दह्यासारखं थिजलं आणि तिघं त्यावरून चालत गेले. पाण्याखाली निजलेली माणसं संथपणे कूस बदलत होती.

दुसरं संकट गुहेच्या तोंडावरची शिळा. हंबीर तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. मागायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं. अखेर जमिनीकडे बघत त्याने दोघींकडे बळ मागितलं, त्यांनी ते दिलं. शिळा गडगडत बाजूला झाली आणि हंबीरचे हात रिकामे होऊन लोंबू लागले.

आत सोन्याचा तराजू झुलत होता. आणि तिसरं संकट म्हणजे त्याच्याखाली खुद्द अंधकनाथ पडला होता. तराजूचा एक आकडा निसटून त्याच्या कुशीत रुतला होता. सगळ्यांबरोबर तोही सारखा झाला होता, त्यामुळे त्याचीही जखम कातडीखाली भरत नव्हती.

“ज्याने टांगला त्याच्याच हाताने तराजू उतरतो,” तो पुटपुटला. “पण मला उठवत नाही.”

गोजराने सोबत्यांकडे त्यांच्या वाटचं वैद्यक मागितलं. ते मिळताच तिचा हात पूर्वीसारखा ऊबदार झाला. आणि तिने वळून दाराकडे पाहिलं. या हाताने रंभाजी नक्की वाचला असता. याच्यावर हात खर्च केला आणि हा उलटला, तर?

पण डोळ्यांदेखत विव्हळणारा माणूस टाकून जाईल ती वैदीण कसली? गोजरा त्याच्याजवळ बसली.

“तुझ्यापायी माझा धनी मरतो आहे,” ती म्हणाली, आणि आकडा उपसून तिने जखमेवर हात ठेवला.

जखम भरली. अंधकनाथाने तिच्याकडे आधाराला खांदा मागितला. जन्मात पहिल्यांदाच त्याने कुणाकडे काही मागितलं. तिच्या खांद्यावर रेलून त्याने तराजू उतरवला. साऱ्या कला पाखरांसारख्या गुहेबाहेर उडाल्या आणि आपापल्या माणसांकडे गेल्या. तळ्यात निजलेली माणसं डोळे चोळत काठावर आली.

गोजरा धावत घरी पोचली तेव्हा रंभाजीचे ओठ निळे पडले होते. तिने हात ठेवला. हाडापासून वरपर्यंत जखम भरत आली. त्याने डोळे उघडले आणि आपल्याला उन्हात बसव म्हणाला. तिने त्याला उचलू पाहिलं, पण मूळचं तिचं बळ ते केवढं! तो जागचा हलेना.

गोजरा उंबऱ्यावर आली. हाक कशी मारतात तेच तिला क्षणभर आठवेना.

“अहो, कुणी आहे का?” ती म्हणाली. “मला एकटीला होत नाही.”

आधी एक दार उघडलं, मग सगळी आळी उघडली. तलवारबाज म्हणाले आम्ही उचलतो, मांत्रिक म्हणाले तुम्ही आदळाल, आम्ही तरंगवत नेतो. वैदिणी दोघांवर ओरडल्या. रंभाजी उन्हात पोचेपर्यंत अंगणात कडाक्याचं भांडण जुंपलं होतं, आणि गोजरा दाराला टेकून हसत होती, रडत होती.