वामनरावांचा कौल

एकदा एका समुद्रकाठच्या शहरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला होता. वामनराव केळुसकर हे तिथले वृद्ध समीक्षक. महोत्सवाच्या काळात स्थानिक दैनिकात त्यांचे ‘माझा कौल’ हे सदर येई आणि पारितोषिक कोणाला मिळणार हे ताडण्यासाठी लोक ते वाचत. इरावती ही त्यांची शिष्या. समीक्षा शिकावी म्हणून ती सावलीसारखी त्यांच्यासोबत असे.

निकालाच्या आदल्या दिवशी चहा घेताना तिने विचारले, “सर, सुवर्णपदक कोणाला?”

“त्या युद्धपटाला,” वामनराव शांतपणे म्हणाले. “यंदाच्या परीक्षकांना भव्यता आवडते. दुसरा कोणी त्याच्या जवळपासही येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सदर वाचून इरावती चक्रावली. सरांनी कौल दिला होता एका लहानशा चित्रपटाला. घरात भिंत घालून वेगळ्या झालेल्या दोन बहिणी, आणि पलीकडच्या स्वयंपाकघरातले आवाज ऐकत सरणारे त्यांचे दिवस, एवढीच त्याची कथा. पहिल्या खेळाला सभागृह जवळजवळ रिकामे होते. त्याची परदेशी दिग्दर्शिका मागच्या रांगेत एकटी बसली होती.

संध्याकाळी युद्धपट जिंकला. संपादकांनी वामनरावांना बाजूला घेतले. “तुमचे अंदाज हल्ली चुकतात. पुढच्या वर्षी हे सदर इरावती लिहील.”

वामनरावांनी मान डोलावली. ज्याला उत्तर ठाऊक होते, त्याने चुकीचे का लिहावे? आणि आता गप्प का राहावे? घरी जातानाही तिच्या मनातला गुंता सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी, समारोपाच्या सकाळी, वामनराव तिला त्याच लहान चित्रपटाच्या शेवटच्या खेळाला घेऊन गेले. सभागृह खच्चून भरले होते. लोक पायऱ्यांवर बसले होते. “म्हाताऱ्याला यात काय दिसलं, बघू तरी,” असे कुणीतरी पुटपुटले. चित्रपट संपला, तरी बराच वेळ कोणी उठले नाही.

बाहेर येताच इरावती म्हणाली, “सर, तुम्ही वाचकांना फसवलंत का?”

“हा जिंकेल, असं मी कुठे लिहिलं? परीक्षकांच्या मनात काय आहे, ते उद्या कळणारच असतं. मी माझ्या मनातलं लिहितो. जो जिंकणार, त्याच्याकडे लोक आपणहून जातात. याच्याकडे कोणी जाणार नव्हतं.”

“पण सदर गेलं.”

“त्याचं वाईट वाटतं,” ते म्हणाले. “मन लावून लिहीत होतो.”

तेवढ्यात एक वयस्क बाई डोळे पुसत त्यांच्याजवळ थांबल्या. “या चित्रपटाला काय मिळालं हो?”

“काहीच नाही,” इरावती म्हणाली.

“असं कसं?” बाई गोंधळल्या. दाराशी उभ्या असलेल्या दिग्दर्शिकेकडे त्या गेल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.

इरावती ते पाहत राहिली.

कोण जिंकेल, असे आपल्याला जेव्हा विचारतात, तेव्हा आपल्याला काय भावले हेही सांगून पाहावे.