पहिली फुंकर

इराकमधल्या फरात म्हणजे युफ्रेटिस नदीच्या जुन्या पात्रालगत, प्राचीन उर नगरीच्या ढिगाऱ्यापासून फार लांब नसलेल्या एका गावात सोनारांची अरुंद गल्ली आहे. सकाळी तिथे गेलात तर एक गंमत दिसते. सोनार शेगडीत कोळसे रचतो, फुंकणी पुसतो आणि हात बांधून बसून राहतो. घरातून बायको येते, फुंकणीतून पहिली फुंकर मारते आणि आपल्या कामाला निघून जाते. तोवर सोन्याला हात लावायचा नाही. पाहुण्यांनी कारण विचारलं, की गल्लीतले सर्वांत म्हातारे सोनार अबू झहरून खूश होतात. चहा सांगतात आणि अकल्लाची गोष्ट काढतात.

अकल्ला हा उरच्या चंद्रदेवाच्या, नन्नाच्या मंदिरातला सोनार, असं सांगतात. सोन्याच्या पातळ पानावर खसखशीएवढे सोन्याचे दाणे बसवावेत तर त्यानेच. दाणे डिंकाने चिकटवायचे आणि फुंकणीने ज्योत वळवून पान तापवायचं. फुंकर कमी पडली तर दाणे गळतात, जास्त झाली तर सगळ्याचा मिळून एक गोळा होतो. मधली ती लांब, एकसारखी फुंकर अकल्लाच्या छातीत होती म्हणे.

पण जन्मभर धूर खाल्लेली छाती ती. उतारवयात त्याचा दम तुटू लागला, आणि नेमका तेव्हाच नन्नाची राणी निंगल हिच्यासाठी सोन्याच्या पानांचा मुकुट करायचा हुकूम आला. एकेक पान बिघडू लागलं. अकल्ला कधी कोळशाला नावं ठेवी, कधी फुंकणीला, एकदा तर सोन्यालाच. खरं बोलायची सोय नव्हती. ज्याचा दम तुटला त्याने फुंकणी परत करायची आणि कोळसे निवडायला बसायचं, असा मंदिराचा नेम होता. आपली जागा सुटणार या धास्तीने त्याला अन्न गोड लागेना.

"कोळसाच ओला आहे," तो एकदा जेवताना बायकोला म्हणाला.

"कोळशाचं राहू द्या," निनहेदू म्हणाली. "पेज फुंकताना तुम्ही मध्येच थांबता. इतकी वर्षं समोर बसून जेवतेय मी, मला दिसत नाही होय?"

अकल्लाने तोंड फिरवलं. तिने पेज फुंकून दिली, ती मात्र मुकाट्याने प्याला.

शेवटचं पान उरलं होतं, त्या दुपारी निनहेदू भाकरी घेऊन कारखान्यात गेली. पान लाल व्हायला आलं होतं आणि तेवढ्यात अकल्लाला खोकल्याची उबळ आली. फुंकणी हातातून सुटणार, तोच तिने भाकरी टाकून ती ओठांना लावली. राख न उडवता निखारा जागवणं हे तर तिचं रोजचं काम. पण सोनं कधी तयार होतं, ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणून ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि तो पानाकडे.

"हळू... अशीच... थोडी वाढव... बस!"

दाणे जिथल्या तिथे बसले.

मुकुट पाहून मुख्य पुजारीण प्रसन्न झाली. "अकल्ला, तुझा दम अजून जवानाचा आहे," ती म्हणाली. तो गप्प राहिला असता तर जागा वाचली असती. मागे उभी राहून निनहेदू त्याला डोळ्यांनी दटावत होती, गप्प बसा म्हणून. पण त्याला राहवलं नाही.

"आई, शेवटच्या पानातली फुंकर हिची आहे. माझा दम संपला." आणि त्याने फुंकणी पुजारिणीच्या पायाशी ठेवली.

पुजारिणीने ती उचलली नाही. म्हणे, ती हसली. "निंगल तरी कोण? नन्नाची बायकोच ना? नवऱ्याचं काम तडीला नेणारी फुंकर तिला नाही कळायची, तर कुणाला?" आणि तिने शेगडीपाशी दुसरं आसन मांडायला सांगितलं. पुढे दोघं तिथे शेजारी बसून काम करत, आणि भांडतही भरपूर, असं सांगतात.

आजही गल्लीत हा रिवाज चालतो. अबू झहरून यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तरी सकाळी ते कोळसे रचतात, फुंकणी शेगडीच्या कडेला ठेवतात आणि हात बांधून बसतात. एका फुंकरीएवढा वेळ जाऊ देतात, मगच फुंकणी उचलतात.

"इतरांपेक्षा मी जरा जास्तच थांबतो," ते हसून सांगतात. "तिचा दम मोठा होता."